मैदानात खरं बोलण्याची किंमत

26 मार्च 2023. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिल्या वुमेन्स प्रीमियर लीगची अंतिम लढत. दिल्लीने ठेवलेलं 132 धावांचं लक्ष्य मुंबई इंडियन्सने तीन चेंडू राखून गाठलं. त्यात नाबाद 60 धावा नॅट सिव्हर-ब्रंटच्या. आडनावावरून माणसाचं गाव, जात, घराणं चाचपण्याची आपली जुनी खोड. पण या जोड-आडनावावरून कुठे चर्चा झडली नाही. नॅट सिव्हरने 2022 मध्ये इंग्लंडच्याच संघातली वेगवान गोलंदाज कॅथरिन ब्रंट हिच्याशी लग्न केलं आणि दोघींनी दोन्ही आडनावं जोडून घेतली. त्या रात्री दिल्लीकडून खेळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या मारिझान कापचंही लग्न तिच्याच राष्ट्रीय संघातल्या डेन व्हॅन नीकर्कशी झालेलं होतं. मुंबईकरांनी एकीच्या फलंदाजीला टाळ्या दिल्या, दुसरीच्या गोलंदाजीला धास्तावले आणि घरी गेले.

त्याच मैदानावर भारतीय मुलीही खेळत होत्या. भारताच्या राष्ट्रीय क्रिकेट संघातल्या एकाही खेळाडूने, पुरुष असो वा स्त्री, आपण समलिंगी असल्याचं आजवर जाहीर केलेलं नाही. असं कोणी नसेलच, हे मानायला गणिताचीही हरकत आहे. मग पाहुण्या खेळाडूला जे आडनावात मिरवता येतं, ते यजमानाच्या ओठांवर का येत नाही?

याला धाडसाचा अभाव म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण या प्रश्नाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास चाळला की वेगळीच गोष्ट ठळक होते. खरं बोलल्यावर जिथे कमी गमवावं लागतं, तिथे जास्त माणसं बोलतात. बोलायचं की नाही हे खेळाडूने ठरवावं. बोलण्याची किंमत उतरवणं हे मात्र खेळाच्या पुढाऱ्यांचं काम. ते कोणी केलं, कसं केलं आणि कुठे अडलं, ते पाहू.

एका दिवसात गेलेले करार

सुरुवात बिली जीन किंग यांच्यापासून करावी लागते. 1973 हे त्यांच्या पराक्रमाचं वर्ष. जूनमध्ये लंडनच्या एका हॉटेलात त्यांनी महिला टेनिसपटूंना एकत्र करून व्यावसायिक संघटना उभी केली. अमेरिकन ओपनने त्याच वर्षी स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिलं. आणि 20 सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये, बायकांच्या टेनिसची जाहीर टिंगल करणाऱ्या बॉबी रिग्ज यांना किंग यांनी सरळ तीन सेटमध्ये हरवलं. स्त्रियांच्या हक्कांसाठी खेळाच्या जगात इतक्या उघडपणे उभी राहिलेली दुसरी बाई त्या काळात नव्हती.

तरीही स्वतःबद्दल बोलण्याची वेळ आली ती त्यांच्या मर्जीने नाही. 1981 च्या मे महिन्यात त्यांच्या माजी सचिव आणि पूर्वीच्या जोडीदार असलेल्या बाईने पोटगीसारखा दावा लावला आणि ते नातं वर्तमानपत्रांत आलं. वकील आणि प्रसिद्धी सल्लागार गप्प राहा म्हणत होते. किंग यांनी पत्रकारांना बोलावलं, पती शेजारी बसलेले असताना ते नातं कबूल केलं. चोवीस तासांत जाहिरातींचे करार गेले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या किंग वकिलांची बिलं भागवण्यासाठी पुन्हा कोर्टवर उतरल्या; 1982 आणि 1983 अशी सलग दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांचं वय 39 होतं. आपल्या आईवडिलांशी याबद्दल मोकळेपणाने बोलायला मात्र त्यांना वयाची पन्नाशी ओलांडावी लागली.

त्याच उन्हाळ्यात मार्टिना नवरातिलोवा यांचंही असंच झालं. चेकोस्लोव्हाकियातून पळून आलेल्या या खेळाडूला अमेरिकेचं नागरिकत्व नुकतंच मिळालं होतं. आपल्याबद्दल छापू नका, महिला टेनिसचे प्रायोजक बिथरतील, अशी त्यांनी बातमीदाराला केलेली विनंती वाया गेली. नवरातिलोवा यांनी कारकिर्दीत एकेरीची एकूण 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली, पण त्यांच्या उंचीच्या खेळाडूला जाहिरातींतून जे मिळायला हवं होतं, त्यापासून त्या लांबच राहिल्या.

किंग यांच्या नेतृत्वाचं मोल मला या पुढच्या भागात दिसतं. स्वतःचा हिशेब चुकता झाल्यावर त्या बाजूला झाल्या नाहीत. रशियाने 2013 मध्ये समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदी घालणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी सोचीत हिवाळी ऑलिम्पिक होतं. अध्यक्ष बराक ओबामा यांनी अमेरिकेच्या अधिकृत शिष्टमंडळात किंग यांचं नाव घातलं. आई अत्यवस्थ असल्याने त्या उद्‌घाटनाला जाऊ शकल्या नाहीत, समारोपाला गेल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आपल्या सनदेच्या सहाव्या मूलतत्त्वात, म्हणजे भेदभाव निषिद्ध ठरवणाऱ्या कलमात, लैंगिक कलाचा समावेश केला. दोन शब्दांची ही भर पडायला आधुनिक ऑलिम्पिकला 118 वर्षं लागली.

आपलं मैदान आपणच आखायचं

प्रस्थापित दारावर टकटक करत राहण्याऐवजी वेगळं अंगण सारवण्याचा मार्ग टॉम वॅडेल यांनी धरला. ते डॉक्टर होते आणि 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये दहा क्रीडाप्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये सहावे आलेले खेळाडूही. त्यांनी 1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी खेळाडूंसाठी स्पर्धा भरवायचं ठरवलं. अट एकच: पात्रतेची अट नाही. कोणत्याही वयाच्या, कोणत्याही कलाच्या, कितीही हळू धावणाऱ्या माणसाने यावं. पहिल्या वेळी तेराशेच्या वर खेळाडू आले.

नावावरून मात्र घोडं अडलं. 'गे ऑलिम्पिक्स' हे नाव वापरायला अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने स्पर्धेच्या तोंडावर कोर्टाची मनाई आणली. 'ऑलिम्पिक' शब्द लावणाऱ्या इतर कितीतरी स्पर्धा अमेरिकेत बिनघोर चालत होत्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समितीने वकिलांच्या खर्चापोटी वॅडेल यांच्या घरावर बोजा चढवला. 1986 ची दुसरी स्पर्धा आली तेव्हा वॅडेल यांना एड्सने गाठलं होतं. तरी ते भालाफेकीत उतरले आणि सुवर्णपदक घेऊन परतले. जून 1987 मध्ये न्यायालयाचा निकाल विरोधात गेला. काही आठवड्यांनी, जुलैमध्ये, ते वारले. स्पर्धा 'गे गेम्स' या नावाने टिकली. नोव्हेंबर 2023 मध्ये ती मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराबरोबर हाँगकाँगमध्येही झाली. आशियातली ती पहिलीच.

वॅडेल यांच्या वाटेची मर्यादाही उघड आहे. वेगळ्या अंगणात माणूस मोकळा श्वास घेतो, पण गावच्या मुख्य मैदानावरची शिवी तिथून थांबत नाही.

पुरुषांचा सांघिक खेळ: सगळ्यांत बंद दार

ती शिवी सर्वांत जास्त चालते पुरुषांच्या सांघिक खेळांत. जस्टिन फशानू हा इंग्लंडमधला दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. 1981 मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे आला. तो समलिंगी लोकांच्या क्लबांत जातो, हे व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याला सरावाबाहेर काढलं. 1990 मध्ये त्याने एका वृत्तपत्रातून आपली ओळख जाहीर केली. सख्ख्या भावाने जाहीरपणे संबंध तोडले. 1998 मध्ये अमेरिकेत लैंगिक अत्याचाराचा आरोप झाल्यावर तो लंडनला परतला आणि तिथेच त्याने आत्महत्या केली. वय 37.

त्यानंतर ब्रिटनमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना दुसऱ्या पुरुषाने तोंड उघडायला 2022 साल उजाडलं. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स तेव्हा 17 वर्षांचा होता. मधल्या 32 वर्षांत हजारो खेळाडू येऊन गेले. एका माणसाची वाताहत किती जणांची तोंडं बंद करते, याचा हा हिशेब.

इतर ठिकाणी दार थोडं किलकिलं झालं. वेल्ससाठी शंभर रग्बी सामने खेळलेल्या गॅरेथ थॉमसने 2009 मध्ये, इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिसने 2011 मध्ये, बास्केटबॉल लीग एनबीएच्या जेसन कॉलिन्सने 2013 मध्ये खेळत असतानाच सांगितलं. डेव्हिसने आधी संघाच्या प्रशिक्षकांना आणि सहकाऱ्यांना सांगितलं, त्यांनी ते सहज घेतलं, मग तो जगाशी बोलला. क्लफ यांच्या संघात फशानूला जे मिळालं नाही, ते नेमकं हेच होतं.

स्त्रियांच्या खेळात चित्र निराळं आहे. समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी खेळाडूंची नोंद ठेवणाऱ्या 'आउटस्पोर्ट्स'च्या मोजणीनुसार, लंडनच्या 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये अशी उघड ओळख असलेले खेळाडू दोन डझनांच्या आत होते, टोकियोत 180 च्या वर गेले. त्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट. याचं एक कारण कडवट आहे: खेळणाऱ्या बाईला समाज आधीपासूनच 'पुरुषी' म्हणत आला, त्यामुळे एक टोमणा वाढला तर तिच्यासाठी फारसं बदलत नाही. पुरुषाला मात्र खेळाने दिलेलं मर्दानगीचं प्रशस्तिपत्रच परत करावं लागतं.

सोबती आणि नियमपुस्तक

2010 नंतर पुढाऱ्यांची नवी जात पुढे आली. हे लोक स्वतः समलिंगी नव्हते. मेरीलँड विद्यापीठाचा कुस्तीगीर हडसन टेलर सहकाऱ्यांच्या तोंडची टिंगल ऐकून कंटाळला आणि डोक्यावरच्या संरक्षक पट्ट्यावर समान हक्कांचं चिन्ह चिकटवून आखाड्यात उतरू लागला. 2011 मध्ये त्याने 'अ‍ॅथलीट अ‍ॅलाय' ही संघटना काढली. ब्रिटनमध्ये 2013 पासून 'रेनबो लेसेस' मोहीम सुरू झाली: बुटांना इंद्रधनुषी नाड्या. युक्ती साधी आहे. सगळ्यांनीच त्या नाड्या बांधल्या की त्यांतला नेमका 'तो' कोण, हे शोधण्यात अर्थ राहत नाही.

पण चिन्हांची ताकद सत्तेने डोळे वटारेपर्यंतच असते, हे कतारमधल्या 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात कळलं. सात युरोपीय संघांचे कर्णधार इंद्रधनुषी छटांचा दंडपट्टा बांधून खेळणार होते. फिफाने पिवळ्या कार्डाची तंबी दिली आणि सातही पट्टे खिशात गेले. जर्मनीच्या खेळाडूंनी जपानविरुद्धच्या सामन्याआधी छायाचित्रासाठी उभं राहताना तोंडावर हात ठेवले, इतकंच.

याच्या शेजारी न्यूझीलंडचं उदाहरण ठेवून पाहा. एमी सॅटर्थवेट आणि ली ताहुहू या दोघी राष्ट्रीय क्रिकेट संघात खेळत; 2017 मध्ये त्यांनी लग्न केलं. 2019 मध्ये कर्णधार सॅटर्थवेटला मूल होणार असल्याचं कळलं तेव्हा मंडळाच्या करारात मातृत्व रजेचं कलम तयार होतं. ती खेळली नाही, तरी करार आणि मानधन टिकलं. कोणी भाषण केलं नाही, पट्टा बांधला नाही. कराराच्या एका कलमाने दोन बायकांच्या संसाराला इतर कोणत्याही संसाराइतकं साधं करून टाकलं. माझ्या मते नेतृत्वाची कसोटी इथे लागते: निघून गेल्यावर मागे कागदावर काय उरलं?

भारत: ओडिशाच्या विणकराची लेक

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या दारातून आली. तिची सुरुवात प्रेमापासून झाली नाही. शरीराच्या तपासणीपासून झाली. तामिळनाडूच्या सांती सौंदराजनने 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्य जिंकलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आलं. बातमी तिला टीव्हीवरून कळावी इतकी बेपर्वाई. तिच्या बाजूने उभं राहायला तेव्हा कोणी नव्हतं.

आठ वर्षांनी तशीच वेळ द्युती चंदवर आली. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातल्या विणकर कुटुंबातली ही धावपटू. 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी, शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून तिला संघातून वगळलं. औषधं घे किंवा शस्त्रक्रिया कर, असा मार्ग नियमांनी ठेवला होता. द्युतीने तो नाकारला आणि स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. तिच्यामागे यावेळी माणसं होती. त्यांत क्रीडा आणि लिंगभाव यांच्या अभ्यासक पयोष्णी मित्रा यांचा वाटा मोठा. वकील मिळवणं, वैद्यकीय कागद समजावणं, माध्यमांपासून मुलीला सांभाळणं, ही सगळी पडद्याआडची कामं. जुलै 2015 मध्ये लवादाने नियम स्थगित केला, कारण त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. द्युती रिओ ऑलिम्पिकमध्ये धावली आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेतून दोन रौप्यपदकं घेऊन आली.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 1860 च्या दंडविधानातलं कलम 377 प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांत, मे 2019 मध्ये, द्युतीने आपल्या आयुष्यात एक मुलगी असल्याचं जाहीर केलं. असं सांगणारी ती भारताची पहिली नामवंत खेळाडू. गावातून आणि घरातून विरोध झाला. दोन महिन्यांनी नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं. न्यायालयाचा निकाल आणि तिचं जाहीर सांगणं यांतलं अंतर लक्षात घ्या: गुन्ह्याचा शिक्का जाईपर्यंत देशातल्या सर्वांत धीट धावपटूनेही वाट पाहिली होती. 2023 मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तो डाग वेगळा आणि त्याचा न्यायही वेगळा. त्याने आधीची लढाई खोटी ठरत नाही.

मणिपूरमध्ये इम्फाळच्या 'या ऑल' संस्थेने 2020 मध्ये पारलिंगी खेळाडूंचा फुटबॉल संघ उभा केला, हेही याच काळातलं. वॅडेल यांची वाट, ईशान्येच्या मातीवर.

जिथे सोबतीच दुभंगले

आता सर्वांत अवघड भाग. पारलिंगी स्त्रियांनी, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या आणि स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींनी, स्त्रियांच्या गटात खेळावं का?

हा वाद नवा नाही आणि त्यातली पात्रं तीच आहेत. रेने रिचर्ड्‌स या नेत्रशल्यचिकित्सक. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना अमेरिकन ओपनमध्ये खेळू द्यावं असा निकाल दिला. त्यांच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं होतं बिली जीन किंग यांनी. त्या वर्षी रिचर्ड्‌स महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि हरल्या. समोरच्या विजयी जोडीत होत्या नवरातिलोवा. पुढे काही वर्षं त्याच रिचर्ड्‌स नवरातिलोवांच्या प्रशिक्षक झाल्या. किंग आणि नवरातिलोवा यांनी तर 1979 मध्ये जोडीने विम्बल्डनचं दुहेरी जिंकलेलं.

आज या दोघी नेटच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. पारलिंगी मुलींना खेळू द्यावं या बाजूने किंग न्यायालयीन निवेदनांत सही करतात. नवरातिलोवा म्हणतात की यात स्त्रियांवर अन्याय आहे. या मतांमुळे 2019 मध्ये 'अ‍ॅथलीट अ‍ॅलाय'ने त्यांना सल्लागार मंडळातून काढलं. खुद्द रिचर्ड्‌स यांनीही नंतर आपल्याच जुन्या भूमिकेबद्दल शंका बोलून दाखवली. दोघींपैकी एकीला द्वेष्टी आणि दुसरीला भाबडी ठरवणं सोयीचं आहे, पण दोघींनीही आपल्या वाट्याची किंमत मोजलेली आहे.

पेच खरा आहे. वयात आल्यानंतर टेस्टोस्टेरॉनमुळे उंची, हाडं, स्नायू यांत जो फरक पडतो, त्याने धावण्या-पोहण्याच्या अव्वल स्पर्धांत स्त्री-पुरुषांत साधारण 10 ते 12 टक्क्यांचं अंतर राहतं. संप्रेरकांच्या उपचारांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं. ताकद मात्र सावकाश आणि अर्धवट उतरते. दुसऱ्या बाजूला, अव्वल पातळीवरच्या पारलिंगी खेळाडूंची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. टोकियोत भारोत्तोलनात उतरलेल्या न्यूझीलंडच्या लॉरेल हबर्डवरून जगभर काहूर माजलं. तिचे तिन्ही प्रयत्न फसले आणि ती पदकाविना परतली.

तरी नियम कडक होत गेले. जलतरणाने 2022 मध्ये, अ‍ॅथलेटिक्सने मार्च 2023 मध्ये आणि क्रिकेटच्या आयसीसीने नोव्हेंबर 2023 मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धांची दारं बंद केली. आयसीसीच्या निर्णयाची झळ थेट मराठी घराला लागली. भारताचे माजी अष्टपैलू खेळाडू, बीडचे संजय बांगर यांची मुलगी अनया हिने वयोगटाचं क्रिकेट खेळलेलं. लिंगबदलाच्या उपचारांनंतर 2025 मध्ये ती जाहीरपणे बोलली, इंग्लंडच्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात करून घेतलेल्या आपल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल तिने पुढे ठेवला आणि आयसीसी व बीसीसीआयने अभ्यास करून ठरवावं, सरसकट बंदी घालू नये, अशी मागणी केली. तिच्याशी सहमत व्हा किंवा नका होऊ. पण नियम ज्यांच्याबद्दल आहे त्यांना समोर बसवून ऐकणं, एवढी अपेक्षा पंचाकडूनही असते.

माझं मत इतकंच: विश्वचषकाची पात्रता आणि तालुक्याच्या मैदानावरचा प्रवेश हे दोन प्रश्न आहेत. पहिल्यासाठी शास्त्र आणि न्याय यांचा काटेकोर तोल हवा. दुसऱ्यासाठी कुणालाही अडवण्याचं सबळ कारण मला दिसत नाही.

आपलं मैदान

तालुक्याच्या मैदानावर आज काय चालतं? 'बायल्या', 'बांगड्या भर' ही भाषा प्रशिक्षकाच्या तोंडची. फलंदाजाने चेंडू सीमेपार टोलावला की गल्लीत ज्या शब्दाने जल्लोष होतो, तोच शब्द नाजूक चालीच्या मुलाला शिवी म्हणून मिळतो. हे ऐकत वाढलेला मुलगा बारा-तेराव्या वर्षी खेळ सोडतो आणि कुठल्याही नोंदवहीत त्याचं कारण लिहिलं जात नाही. स्वतःला जाहीर करण्याचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि तरीही महाराष्ट्रात एका मैदानावर नियम बदलला आहे. पहाटे गावोगाव डांबरी रस्त्यांवर पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी धावताना दिसतात. त्या भरतीला तृतीयपंथी उमेदवार अर्ज करू लागले तेव्हा राज्याचं म्हणणं होतं की त्यांच्या शारीरिक चाचणीचे निकषच ठरलेले नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला फटकारलं. मग अर्जात तिसरा पर्याय आला, आणि धावणं, गोळाफेक यांचे निकष ठरवण्याचं शासनाला मान्य करावं लागलं. क्रीडा संघटना ज्याला अशक्यप्राय कोडं म्हणतात, ते गृहखात्याला न्यायालयाच्या धाकाने का होईना, सोडवायला घ्यावं लागलं.

आपल्या जिल्हा संघटना, जिमखाने आणि तालमी यांच्यावर असा धाक नाही. त्यांनी ठरवलं तर पुढच्या हंगामाच्या नोंदणी अर्जात एक रकाना वाढेल, आचारसंहितेत शिवीबद्दल एक ओळ येईल, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव सूचनाफलकावर लागेल. यासाठी ना बिली जीन किंग यांच्यासारखी कारकीर्द पणाला लावावी लागते, ना वॅडेल यांच्यासारखं घर. जिमखान्याच्या सचिवाला एका बैठकीत विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्यावा लागेल, आणि तो मांडताना त्याला स्वतःला जो संकोच वाटेल, तेवढीच काय ती किंमत.